राखणदार : सिंधुदुर्गातील पाच स्थळे आणि ती जपणारे हात

#थ्रेड

१/
कोकणातील बहुतेक गावांत एक राखणदार असतो. त्याचे देऊळ असेलच असे नाही. कधी एखादा धोंडा, कधी जुने झाड, तर कधी नुसती ठरलेली जागा. वर्षातून एकदा त्याला 'राखण' दिली जाते, गाऱ्हाणे घातले जाते आणि गाव निश्चिंत होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील ऐतिहासिक स्थळे पाहत फिरताना माझ्या मनात एकच प्रश्न वारंवार येत राहिला : या वास्तूंचा राखणदार कोण? आजचा धागा त्याच प्रश्नाविषयी आहे.

२/
आधी थोडी पार्श्वभूमी. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, कुडाळ, देवगड ही त्यातील गावे म्हणावीत की शहरे, असा संभ्रम पडावा इतकी लहान. मुंबई-पुण्यासारखे मोठे वस्तुसंग्रहालय येथे नाही. वस्तू जेथे घडल्या, जेथे वापरल्या गेल्या, त्याच ठिकाणी त्या पाहाव्या लागतात.

३/
अशा ठिकाणी पाहणाऱ्याने तीन प्रश्न सोबत न्यावेत, असे मला वाटते. हे कोणी घडवले? हे आपल्याला कशावरून कळते? आणि आज ते कोण सांभाळते? पहिला प्रश्न सगळेच विचारतात. दुसरा अभ्यासक विचारतात. तिसरा मात्र फारसा कोणी विचारत नाही. आणि वास्तू पुढच्या पिढीला दिसणार की नाही, हे त्याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

४/
पहिले स्थळ : मालवण.
किल्ल्याची होडी पकडण्याआधी किनाऱ्यावरचा 'मोरयाचो धोंडो' पाहावा. खडकावर गणेश, सूर्य आणि चंद्र कोरलेले आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी येथे पूजन करून समोरच्या कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला, अशी परंपरा आहे. मालवणात येणारे बहुतेक पर्यटक थेट धक्क्यावर जातात. ज्या जागेवरून कथा सुरू होते ती जागा बाजूलाच राहते.

५/
किल्ला तीन वर्षांत, १६६७ मध्ये, उभा राहिला. बेटाचे क्षेत्र सुमारे ४८ एकर. तट सरळ न नेता खडकाच्या कडेने नागमोडी नेलेला आहे. महादरवाजा दोन बुरुजांच्या वळणात असा लपवला आहे की होडी अगदी जवळ येईपर्यंत तो दिसत नाही. आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूबाजूंनी खारे पाणी असताना ही विहिरींची जागा हेरणे, हेच बेटाच्या निवडीमागचे मोठे शहाणपण होते.

६/
सिंधुदुर्ग एकटा नव्हता, हेही येथे सांगायला हवे. किनाऱ्यालगतचा पद्मगड, उत्तरेचा सर्जेकोट आणि मालवणच्या टोकावरचा राजकोट हे त्याचे उपदुर्ग. समुद्रातला मुख्य किल्ला, त्याच्या पाठीशी जहाजांना आसरा देणारी ठिकाणे आणि बंदरावर नजर, अशी ती एक संपूर्ण व्यवस्था होती. एकच किल्ला पाहून परतणारा माणूस वाक्यातला एकच शब्द वाचून जातो.

७/
या किल्ल्याचे नाव एकदा बदलले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १७६५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी तो जिंकला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' म्हटले. पुढच्याच वर्षी तो कोल्हापूरकर छत्रपतींकडे परत गेला. १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांच्या हाती आले. ते इंग्रजी नाव आता फक्त जुन्या कागदांत उरले आहे. नाव टिकण्यासाठी ते उच्चारणारी माणसे लागतात; ती त्या नावाला मिळालीच नाहीत.

८/
उलट किल्ल्यावरचे शिवराजेश्वर मंदिर पाहा. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात बांधलेले हे शिवरायांचे मंदिर. तेथे आजही पूजा होते. किल्ल्यावर आजही काही कुटुंबे वस्ती करून आहेत. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद होतात, समुद्र खवळतो, तरी देवाची दिवाबत्ती चुकत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा फलक किल्ल्याला कायद्याचे संरक्षण देतो. पण तीनशेहून अधिक वर्षे ही जागा 'वसती' ठेवली ती या माणसांनी.

९/
जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने १२ किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यांपैकी सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन एकट्या या जिल्ह्यात आहेत. आनंदाची गोष्ट आहेच. पण यादीत नाव येणे म्हणजे कामाची सुरुवात, शेवट नव्हे.

१०/
याच मालवणात राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनानिमित्त शिवरायांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. पुढे तेथे नवा पुतळा उभारला गेला. त्यावरचे राजकारण येथे उगाळायचे नाही. एवढेच नोंदवायचे आहे की उभारणीचा सोहळा होतो, राखणीचा सोहळा कधीच होत नाही. तटाच्या सांध्यांतले वडाचे रोप दरवर्षी उपटणाऱ्या हाताचे छायाचित्र कोणी काढत नाही.

११/
दुसरे स्थळ : वेंगुर्ले.
मालवणहून दक्षिणेला वेंगुर्ल्यात उतरलात तर बाजाराच्या गजबजीपासून थोड्याच अंतरावर डच वखार आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीने विजापूरच्या आदिलशाहीकडून परवानगी मिळवून १६३७ मध्ये येथे ठाणे केले. व्यापार हे कारण होतेच. पण मुख्य कारण भूगोलात दडलेले होते : येथून गोवा जवळ.

१२/
सतराव्या शतकात डच आरमार पोर्तुगीजांचा गोवा समुद्राकडून वर्षानुवर्षे कोंडून धरत असे. त्या जहाजांना ताजे पाणी, धान्य आणि बातम्या लागत. ते सगळे वेंगुर्ल्यातून मिळे. म्हणजे आज शांत वाटणारे हे गाव एके काळी ॲमस्टरडॅम, बटाव्हिया, विजापूर आणि गोवा यांच्या चौकटीतील एक महत्त्वाचा कोपरा होते. शिवरायांच्या हालचालींच्या बातम्याही येथील डच अधिकारी आपल्या वरिष्ठांना कळवत. कोल्हापूरचे इतिहासकार डॉ. बाळकृष्ण यांनी शिवचरित्रासाठी डच कागदांचा उपयोग केला, तो याच कारणाने.

१३/
आता विरोधाभास पाहा. डच कंपनी १७९९ च्या अखेरीस संपली. तिचे कागद मात्र हेग येथील राष्ट्रीय अभिलेखागारात सुमारे सव्वा किलोमीटर लांबीच्या फळ्यांवर जपून ठेवलेले आहेत. २००३ मध्ये जगभरच्या डच कंपनी अभिलेखांची युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' नोंदवहीत नोंद झाली. वेंगुर्ल्याहून गेलेली पत्रे हजारो मैलांवर सुरक्षित. आणि ती पत्रे जेथे बसून लिहिली गेली, ती वास्तू?

१४/
वखार राज्य संरक्षित स्मारक आहे. तरीही अनेक दशके तिची पडझड होत राहिली. छप्पर गेले. भिंतींत झाडांची मुळे शिरली. कोकणात पावसाळ्याचे चार महिने उघड्या भिंतीवर पाणी झिरपत राहिले की चुना धुऊन जातो, चिऱ्याचे सांधे सैल होतात, आणि मग एखाद्या उंबराच्या रोपालाही भिंत फोडता येते. येथे कोणी शत्रू आला नाही. येथे नुसते कोणी आले नाही.

१५/
याचे कारण केवळ शासकीय अनास्था असे म्हणणे सोपे आहे, पण अपुरे आहे. सिंधुदुर्ग 'आपला' आहे; वखार 'परक्यांची' आहे. तिच्यात देव नाही, वस्ती नाही, गाऱ्हाणे घालायला कोणी जात नाही. गावाच्या स्मृतीत तिला घर मिळाले नाही. पण वखार जितकी डचांची, तितकीच ती बांधणाऱ्या येथील गवंड्यांची, चिरे काढणाऱ्या पाथरवटांची, माल वाहणाऱ्या होडीवाल्यांची आणि तेथे दुभाषी म्हणून वावरणाऱ्यांचीही नव्हती का? ही बाजू सांगितल्याखेरीज वेंगुर्लेकरांनी ती जपावी अशी अपेक्षा कशी करावी?

१६/
तिसरे स्थळ : सावंतवाडी.
वेंगुर्ल्यातून आत वळले की तासाभरात मोती तलाव दिसतो. समोर सावंत-भोसले घराण्याचा राजवाडा. दरबार हॉलमध्ये शस्त्रे, तसबिरी, सिंहासन हे सगळे आहेच. पण माझी नजर खिळली ती तेथे जमिनीवर बसून गोल पत्त्यांवर बारीक कुंचल्याने रंग भरणाऱ्या कारागिरांवर. हे पत्ते म्हणजे गंजिफा.

१७/
गंजिफा हा मूळचा इराणी शब्द आणि खेळ. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधील शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली संचात ८ रंग आणि ९६ पाने. हा खेळ दक्षिणेत आला आणि त्याने रूप पालटले. दशावतारी संचात मत्स्यापासून कल्कीपर्यंत १० अवतारांचे १० रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी १२ पाने. एकूण १२०. इराणी खेळाने विष्णूचे अवतार धारण केले आणि कोणालाही त्यात विसंगती वाटली नाही.

१८/
छापील पत्ते स्वस्त झाले आणि हाताने रंगवलेली गंजिफा मागे पडली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत ही कला जाणणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कलावंत जवळजवळ अखेरचे उरले होते. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी ते ओळखले. राणीसाहेब स्वतः त्यांच्याकडून शिकल्या. १९७१ मध्ये 'सावंतवाडी लॅकरवेअर्स'ची स्थापना झाली आणि राजवाड्यातच कारागिरांची नवी पिढी घडू लागली.

१९/
येथे राखणीचा एक वेगळा धडा मिळतो. राणीसाहेबांना जुने संच काचेच्या पेटीत ठेवून भागवता आले असते. पत्ते वाचले असते. कला गेली असती. त्यांनी पत्त्यांपेक्षा पत्ते घडवणारा हात वाचवला. चितारआळीतील लाकडी खेळणी आणि फळे यांचीही तीच गोष्ट. पांगाऱ्याचे हलके लाकूड कोरायचे कसे, त्यावर रंग बसवायचा कसा, हे पुस्तकातून येत नाही. ते शेजारी बसूनच यावे लागते. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफा आणि लाकडी खेळण्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले.

२०/
चौथे स्थळ : पिंगुळी.
कुडाळजवळच्या या गावातील संग्रहालयाला भव्य इमारत नाही. एका गोठ्याचे रूपांतर करून ते उभे राहिले. नाव 'ठाकर आदिवासी कला अंगण'. ते उभारणारे परशुराम आत्माराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी, या ठाकर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या कला येथे पाहायला मिळतात.

२१/
चित्रकथी म्हणजे चित्र दाखवत सांगितलेली कथा. रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाची सुट्या चित्रांची 'पोथी' असते. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो, गातो, साथीला हुडूक आणि टाळ. कथा पुढे सरकते तसे चित्र बदलते. देवळांतील उत्सवांत ही सेवा असे आणि त्यासाठी संस्थानाचा आश्रय होता. या शैलीची जुनी चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही आहेत. ती फार काळ 'पैठण शैली' म्हणून ओळखली गेली. पिंगुळीचे नाव अभ्यासकांच्या तोंडी उशिराच आले.

२२/
थोडे थांबून विचार करावा अशी ही गोष्ट आहे. चित्र मोठ्या शहरातील संग्रहालयात गेले, ते वाचले. पण वाटेत त्याचा पत्ता हरवला. गाणारा गळा मागे राहिला. पिंगुळीत चित्रे पाहताना मात्र कोणी तरी हुडूक हाती घेते आणि चित्राला आवाज फुटतो. तेव्हा लक्षात येते की आपण चित्रकथीला 'चित्रकला' म्हणतो तेव्हा अर्धेच पाहतो. काचेमागचे चित्र म्हणजे कीर्तनाविना अभंगाची वही.

२३/
लहान गावातील लहान संग्रहालय काय असते, हे जगाने अलीकडेच एका दूरच्या देशात पाहिले. युक्रेनमध्ये कीव्हच्या उत्तरेला इव्हान्किव नावाचे छोटे गाव आहे. तेथील स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयात मारिया प्रिमाचेन्को या लोकचित्रकर्तीची चित्रे होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियन आक्रमणाच्या पहिल्याच दिवसांत ते संग्रहालय जळाले. आगीतून काही चित्रे बाहेर काढली ती गावातील माणसांनी.

२४/
युक्रेनच्या लहान शहरांत अशी 'आपल्या मुलखाची' संग्रहालये जागोजागी आहेत : शेतीची अवजारे, भरतकाम, शाळेची जुनी छायाचित्रे, एखाद्या गावकऱ्याने रंगवलेली चित्रे. शांततेच्या काळात बाहेरच्यांना ती किरकोळ वाटत. आग लागली तेव्हा मात्र आत काय आहे आणि ते कोणत्या खोलीत आहे, हे ठाऊक असलेली माणसे शेजारीच होती. पिंगुळीचा गोठा पाहताना मला इव्हान्किव आठवले ते यामुळे. संकटाच्या वेळी वारसा वाचवायला धावतो तो ज्याला तो आपला वाटतो, तोच.

२५/
पाचवे स्थळ : विजयदुर्ग.
जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, देवगड तालुक्यात. जुने नाव घेरिया. वाघोटन खाडीच्या मुखावर तिहेरी तटबंदीचा हा किल्ला. आंग्र्यांच्या काळात तो पश्चिम किनाऱ्यावरचा सर्वांत धाक असलेला आरमारी तळ होता. खाडीत आत खडक फोडून केलेली जहाजांची गोदी आजही पाहता येते.

२६/
फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी हा किल्ला घेतला. तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. या मोहिमेत पेशव्यांचे सैन्य इंग्रजांच्या बाजूने होते. मराठ्यांच्या एका सत्ताकेंद्राने दुसऱ्याचे आरमार परक्यांच्या साहाय्याने संपवले, आणि पुढच्याच वर्षी तोच क्लाइव्ह प्लासीच्या मैदानावर उभा होता. विजयदुर्गाच्या तटावर उभे राहून ज्यावर विचार करावा असा हा प्रसंग आहे. पण किल्ल्यावर सर्वाधिक ऐकू येते ती गोष्ट वेगळीच आहे.

२७/
ती गोष्ट हेलियमची. किल्ल्यात काही ओटे आहेत. लोक त्यांना 'साहेबाचे ओटे' म्हणतात. सांगितले जाते की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणावेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने येथून निरीक्षण करून हेलियमचा शोध लावला. दरवर्षी १८ ऑगस्टला येथे हेलियम दिन साजरा होतो. मला किल्ला दाखवणाऱ्या काकांनीही ओट्यावर हात ठेवून अभिमानाने सांगितले, "सायबान हयसूनच बघितल्यान."

२८/
कागदपत्रे काय सांगतात? १८ ऑगस्ट १८६८ ला ग्रहणाचा पट्टा भारतावरून गेला, हे खरे. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा गुंटूरला होता. अनेक निरीक्षकांनी सूर्याच्या वर्णपटात एक पिवळी रेषा पाहिली. लॉकियर मात्र त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता. त्याने २० ऑक्टोबर १८६८ ला तेथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. ती रेषा सोडियमची नसून एका अज्ञात मूलद्रव्याची आहे, हा विचार पुढे आला आणि ग्रीक सूर्यदेवतेवरून 'हेलियम' हे नाव पडले. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये, रॅम्से यांना.

२९/
मग ओटे खोटे? मुळीच नाही. लॉकियर विजयदुर्गाला खरोखरच आला होता. पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्याने येथे मोहीम आणली. 'मेल्पोमिनी' या ब्रिटिश युद्धनौकेवरील खलाशी त्याच्या मदतीला होते. तिचा अहवाल 'विझियाद्रुग' या तेव्हाच्या इंग्रजी नावाखाली प्रसिद्ध झाला. ओट्यांचा संबंध या मोहिमेशी जोडणे अधिक सयुक्तिक आहे. लोकस्मृतीने माणूस बरोबर लक्षात ठेवला, जागा बरोबर लक्षात ठेवली. फक्त दोन ग्रहणांचे एक ग्रहण केले.

३०/
हे काकांना सांगावे की नाही, यावर मी बराच वेळ घुटमळत होते. त्या गोष्टीमुळे शाळेच्या सहली येतात, मुले आकाशाकडे पाहतात, ओट्यांभोवतीचे गवत कापले जाते. गोष्ट काढून घेतली तर ओटेही वखारीच्या वाटेने जातील का? शेवटी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. रागावले नाहीत. एवढेच विचारले, "हे मराठीत खय लिवलेला आसा? माका वाचूक होया." माझ्याजवळ त्यांच्या हातात देण्यासारखा एकही कागद नव्हता.

३१/
तो प्रश्न मला अजून टोचतो. आम्ही विद्यार्थी संदर्भ शोधतो, तारखा तपासतो, प्रबंध लिहितो. आणि किल्ल्यावर रोज शंभर माणसांना इतिहास सांगणाऱ्या माणसापर्यंत त्यातले काहीच पोहोचत नाही. मग त्याने ऐकीव गोष्ट सांगितली म्हणून आपण हसतो. राखणदाराला हसण्याआधी आपण त्याला काय दिले, हे पाहायला नको का?

३२/
पाच स्थळे एका ओळीत मांडली तर चित्र असे दिसते. सिंधुदुर्ग टिकला, कारण तेथे वस्ती आणि पूजा राहिली. गंजिफा टिकली, कारण घराण्याने हात वाचवले. चित्रकथी टिकली, कारण एका कुटुंबाने गोठा रिकामा केला. साहेबाचे ओटे टिकले, कारण गावाने एक गोष्ट धरून ठेवली, जरी तारीख चुकली. वखार ढासळली, कारण तिला कोणीच आपले म्हटले नाही.

३३/
यातून 'लोकच सारे जपतील, शासन कशाला' असा निष्कर्ष कोणी काढू नये. तटाची डागडुजी, तज्ज्ञ गवंडी, योग्य चुना, नियमित निधी हे एका कुटुंबाचे काम नव्हे. किल्ल्यावरच्या कुटुंबाला तट बांधता येत नाही. पण निधीने रखवालदार नेमता येतो. राखणदार नेमता येत नाही. दोन्ही लागतात, आणि दोघांना जोडणारा तिसराही लागतो : तपासलेली माहिती सोप्या मराठीत देणारा.

३४/
सिंधुदुर्गात जाणार असाल तर काही सूचना. पावसाळा संपल्यावर जा. किल्ल्याच्या होड्या तेव्हाच चालतात. मालवणात आधी मोरयाचा धोंडा, मग किल्ला. वेंगुर्ल्यात बाजारासोबत वखारीलाही अर्धा तास द्या. सावंतवाडीत कारागिरांशी बोला. शक्य असेल तर गंजिफा त्यांच्याकडूनच घ्या. पिंगुळीत चित्रे पाहून लगेच निघू नका, एक आख्यान ऐका. विजयदुर्गावर ओटे जरूर पाहा आणि सोबतच्या मुलांना १८६८ व १८९८ ही दोन्ही साले सांगा.

३५/
आणि निघताना प्रत्येक ठिकाणी तो तिसरा प्रश्न विचारा : हे कोण सांभाळते? उत्तर देणारे कोणी भेटले, तर त्यांच्याजवळ पाच मिनिटे बसा. त्यांना ठाऊक असलेले ऐका आणि तुम्हाला ठाऊक असलेले सांगा. विजयदुर्गाच्या दोन ग्रहणांवरचे चार पानांचे टिपण मी मराठीत लिहायला घेतले आहे. पुढच्या खेपेस ते काकांच्या हातात द्यायचे आहे.

(धागा समाप्त. आपल्या गावातील असे एखादे स्थळ आणि त्याचा राखणदार ठाऊक असल्यास खाली जरूर लिहा.)